छातीचं ओझं

राम राम, बायांनो. घरात सासरे किंवा भासरे बसलेले असले तरी रेडिओचा आवाज कमी करू नका. आज मी छातीच्या आकाराबद्दल बोलणार आहे. जड छातीनं पाठ धरते, मान आखडते, खांद्यावर पट्ट्यांचे वळ उठतात, आणि तरी हे दुखणं बाई कोणाला सांगत नाही. गुडघा दुखला तर अख्ख्या गल्लीला सांगते. हे मात्र पदराखाली झाकून ठेवते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर मी 31 वर्षं आरोग्य सेविका होते. लसीकरणाच्या दिवशी गर्दी ओसरली, की एखादी बाई मागं रेंगाळायची. लेकराच्या टोपीची नाडी सोडायची, पुन्हा बांधायची. मी समजायचे. दार लोटून घ्यायचे. मग ती हळूच विचारायची, "बाई, ऑपरेशन नाही करायचं मले. काही खाऊन-पिऊन, काही कसरत करून हे कमी होते काय?"

होतं. पण सगळ्यांचं होत नाही, आणि पाहिजे तेवढंच होईल असंही नाही. कोणाचं होतं आणि कोणाचं नाही, ते समजायचं तर आत काय असतं ते आधी पाहू.

स्तनात दुधाच्या गाठी, म्हणजे दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, आणि त्यांच्या नळ्या असतात, त्यांच्या अवतीभवती चरबी असते, आणि या सगळ्याला त्वचेशी आणि खालच्या आवरणाशी धरून ठेवणारे चिवट धागे असतात. आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात त्यांना कूपरचे बंध म्हणायचे. स्नायू मात्र स्तनात नसतो. छातीचा मोठा स्नायू असतो तो स्तनाच्या खाली, फासळ्यांवर. म्हणून दंड मारून, जोर काढून स्तन लहान होत नाही. जोरानं खालचा स्नायू बळकट होतो, वरची चरबी वरच राहते. शरीर चरबी वापरतं तेव्हा ती सगळ्या अंगातून थोडी थोडी काढतं. अमुक जागेची आधी काढ, असं त्याला सांगता येत नाही. कोणाचा आधी चेहरा उतरतो, कोणाचं पोट, कोणाची छाती. ते मायबापाकडून आलेलं असतं.

आता चरबी किती आणि गाठी किती, हे दर बाईचं वेगळं. तरुण पोरीत सहसा गाठींचा भाग जास्त असतो. वय वाढतं, पाळी जाते, तसतशा गाठी आक्रसतात आणि त्यांची जागा चरबी घेते. जिच्या छातीत चरबी जास्त आणि अंगावर वजनही जास्त, तिची छाती वजन उतरल्यावर उतरते. जिची गाठींनी भरलेली, तिनं पोट मारलं तरी फारसा फरक पडत नाही.

आमच्या गावात किराणा दुकानावर बसणारी एक बाई होती. वय 46, वजन 82 किलो. दिवसभर गल्ल्यावर बसणं, येणाऱ्या-जाणाऱ्यासोबत चहा. मी तिला आठवडाभर फक्त चहा मोजायला सांगितला. दिवसाचे 5 कप निघाले, कपात 2 चमचे साखर. म्हणजे 10 चमचे, जवळपास 50 ग्रॅम, 200 कॅलरी. महिन्याच्या 6000 झाल्या. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी. नुसत्या चहातल्या साखरेत महिन्याला पाऊण किलोचा हिशेब बसत होता! तिनं आधी साखर कपाला एका चमच्यावर आणली, मग चहा दिवसाला दोन कपांवर. शेव-चिवड्याचं पाकीट दुकानातल्या दुकानात फोडणं बंद केलं. भाजीवरची तर्री कमी केली. भाकर सोडली नाही, मी सोडूही दिली नसती. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची नाहीतर चवळीची भाजी, जवसाची चटणी हे आपलं जेवण चांगलं आहे. बिघडवतात ते तेल, साखर आणि मधल्या वेळचं पाकीट. पहाटे फाट्यापर्यंत भरभर चालायची, जाऊन-येऊन अर्धा-पाऊण तास. भरभर म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतकं.

आठ महिन्यांत 9 किलो उतरले. ब्लाऊज शिंप्याकडं दोनदा गेलं आणि छातीतही आत घ्यावं लागलं. तिच्या नणंदेनं तिचं पाहून तेच केलं, तिचे 8 किलो उतरले. पोट गेलं, दंड बारीक झाले, छाती जवळपास होती तितकीच राहिली. ती माझ्यासमोर रडली. तिला वाटत होतं, आपलंच काही चुकलं. काही चुकलं नव्हतं. तिची रक्तातली साखर ताब्यात आली होती, जिना चढताना दम लागत नव्हता. फक्त छातीचा हिशेब तिच्या हातातला नव्हता.

आणि आता ज्या बायांसाठी मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, त्या. निंदणाला जाणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या. अंगावर मांस नाही, वजन 44-45 किलो, पण छाती जड. या बायांना कोणीतरी सांगतं, जेवण कमी कर. अन् त्या करतात! सकाळी कोरा चहा पिऊन वावरात जातात, दुपारी अर्धी भाकर. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. अशा अंगातून आणखी काय काढायचं? बाई, तुझं वजन जास्त नसेल तर छातीसाठी एक घासही कमी करू नको. अंगावर पाजत असशील तर मुळीच नाही. पाजण्याच्या दिवसांत छाती भरते, दूध सुटल्यावर बरीचशी उतरते, तेवढी वाट पाहा. आणि पाजल्यानं छाती ओघळते म्हणून लेकराचं दूध लवकर तोडू नको. ओघळते ती गरोदरपणानं, वयानं, वजन वाढून-उतरून.

मग या बाईनं करायचं काय? आकार तोच राहिला तरी दुखणं कमी करता येतं. याला मी फार मोठी गोष्ट मानते.

पहिली गोष्ट बॉडीची, म्हणजे ब्राची. आठवडी बाजारात बॉडी नंबरावर मिळते, 34, 36, 38. जड छातीची बाई सरळ मोठा नंबर घेते. पण नंबर असतो छातीखालच्या घेराचा. तो मोठा घेतला की मागची पट्टी ढिली पडते, पाठीवर वर चढते आणि सगळं ओझं खांद्यावरच्या दोन बारक्या पट्ट्यांवर येतं. मी असे खांदे पाहिले आहेत, बोटाचं पेर मावेल इतके खोल खाचे पडलेले, काळे पडलेले. ओझं धरायला पाहिजे छातीखालच्या पट्ट्यानं. म्हणून छातीच्या खाली टेप घट्ट धरून एक माप घ्या, छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागी दुसरं. या दोन मापांतल्या फरकावर वाटीचा आकार ठरतो, ए, बी, सी, डी असा. पट्टा पाठीवर आडवा सरळ बसला पाहिजे, खाली दोन बोटं जातील इतकाच. नवी असताना शेवटच्या हुकावर लावा, इलॅस्टिक सैल पडलं की आतल्या हुकावर. तालुक्याला मोठ्या दुकानात वाटीचं माप मिळतं. नाही मिळालं तर आपला शिंपी आहे. कटोरी ब्लाऊज शिवणाऱ्या माणसाला सुती कापडाची, रुंद पट्ट्याची कटोरी बॉडी शिवून मागा, खाली दोन बोटं रुंद जाड पट्टा लावायला सांगा. शिवणकाम करणारी बाई असेल तर तिच्या हातून शिवून घ्या, म्हणजे माप द्यायला लाज वाटत नाही.

दुसरी गोष्ट छातीखालच्या घामाची. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. छातीखालची घडी दिवसभर ओली राहते, लाल होते, खाजते, चरचरते, कधी वास येतो. ती बहुतेक वेळा बुरशी असते. बाई मेडिकलमधून एक ट्यूब आणते, दोन दिवसांत खाज थांबते, आठ दिवसांत दुप्पट होऊन परत येते. अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं खाज दबते, बुरशी पसरते, चामडी पातळ होते. मला स्वतःला एका दुकानात अशीच ट्यूब हातात दिली होती, मी आरोग्य सेविका आहे हे माहीत असून. डॉक्टरला जागा दाखवून नुसत्या बुरशीचं औषध मागा आणि सांगितलेले दिवस पूर्ण लावा. वावरातून आल्यावर ओलं ब्लाऊज आधी काढा, साबणपाण्यानं धुवा, जुन्या मऊ सुती कापडानं कोरडं टिपा. तशाच कापडाची घडी छातीखाली ठेवा, ओली झाली की बदला. पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या.

तिसरं, पाठ. भिंतीपासून दोन पावलं दूर उभं राहा, तळवे भिंतीवर टेकवून छाती भिंतीकडं न्या आणि मागं या, दहा वेळा. मग दोन्ही खांदे मागं ओढून पाठीवरच्या फऱ्या जवळ आणा, पाच आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा. छाती लपवायची म्हणून कितीतरी पोरी वाकून चालतात, त्यानं मान आणि पाठ आणखी धरते. महिना-दीड महिना नेमानं करा. छाती लहान होणार नाही, पण ती पेलणारी पाठ बळकट होईल.

तेल, मलम, गोळ्या, पंधरा दिवसांत इतके इंच अशा जाहिराती येतात. त्यावर एक रुपया घालवू नका.

दवाखान्यात कधी जायचं तेही सांगते. एकच बाजू वाढत असेल, गाठ हाताला लागत असेल, बोंडातून रक्त किंवा पाणी येत असेल, चामडी आत ओढली गेली असेल, तर घरी वाट पाहू नका. मोठ्या छातीनं घाबरून जाऊ नका, पण तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईची स्तनाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, ती करून घ्या. पाळी चुकली असेल किंवा नवीन गोळ्या सुरू केल्यावर छाती वाढली असेल तर तेही डॉक्टरला सांगा. आणि हे सगळं करूनही दुखणं हटत नसेल, तर ऑपरेशन हा उपचार आहे, नखरा नाही. त्यानं पुढं लेकराला पाजायला अडचण येऊ शकते, तेवढं आधी विचारून घ्यावं.

एक पोरगी होती दहावीतली. सहा-सात महिन्यांत छाती इतकी वाढली, की ती कबड्डी सोडून वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या मायनं तिला माझ्याकडं आणलं. "बाई, हे पोट्टी जेवतच नाही. कमी होते म्हणते." मी तिचा कुर्ता वर करायला लावला. जुन्या लुगड्याची पट्टी छातीभोवती आवळून गुंडाळलेली, काखेत चामडी सोललेली, श्वास वरच्या वर. वयात येताना काही पोरींचं असं झपाट्यानं वाढतं. वाढ असते गाठींची, ती उपाशी राहून थांबत नाही, बांधूनही थांबत नाही. मी ती पट्टी हळूहळू उकलली. ती डोळे मिटून होती. आधी तालुक्याच्या दवाखान्यात तपासून आणलं. मग तिची माय आणि मी तिला घेऊन शिवणकाम करणाऱ्या एका बाईकडं गेलो.

तिला तिसऱ्यांदा शिवलेली बॉडी बरोबर बसली. पोरीनं वरून कुर्ता घातला, यंत्राजवळ उभी राहिली आणि दोन्ही हात डोक्यावर नेले. मग खाली वाकली, उजव्या पायावर झुकून पुढं हात टाकला, कबड्डीत चढाईला जातात तसा. पुन्हा उभी राहिली. मायकडं पाहून म्हणाली, "माय, भूक लागली व."

नमस्कार.