पोथीची ठवणी आणि मांडीवरचा टॅब

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मी कडेच्या खुर्चीत बसून तुमच्याकडेच बघत होते. रागावू नका, धंद्याची खोड आहे. बहुतेकांच्या हातात फोन, हनुवटी छातीला टेकलेली, कोपरं अधांतरी. अध्यक्षांनी माईक हातात घेतला तशा माना वर आल्या, आणि निदान चार जणांचा हात मानेमागे गेला. माझं अर्धं व्याख्यान तिथंच झालं.

डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो. मान सरळ असली की ते मणक्यांवर तोललेलं राहतं. पुढे झुकली की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. भरलेली कळशी कडेवर घ्या आणि मग हात लांब करून धरा, म्हणजे कळेल. २०१४ साली न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी हिशेब मांडला की ६० अंश झुकलेल्या मानेवर सुमारे २७ किलो भार येतो. हा आकडा व्हॉट्सॲपवर फिरत असतो. तुम्हीही पुढे पाठवला असेल, मान खाली घालूनच! पण तो संगणकावरच्या प्रतिकृतीतून काढलेला आहे, माणसाच्या मानेत मोजलेला नाही. तेव्हा घाबरू नका. मान वाकायचीच, तांदूळ निवडताना वाकतेच की. दुखते ती तासभर तशीच ठेवली म्हणून.

पूर्वी पोथी ठवणीवर ठेवून वाचत. आता पोथी टॅबवर आली आणि ठवणी गेली माळ्यावर. ती काढा. टॅब अर्धा किलोच्या आसपास असतो, तो हातात धरून अध्याय वाचायची गरज नाही. फक्त ठवणी जमिनीवर नको, जेवणाच्या टेबलावर ठेवा. जमिनीवर बसायची सवय असेल तर ठवणीखाली चौरंग घ्या.

यात एक गोम आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांनी माझं ऐकून टॅब थेट डोळ्यांसमोर उभा केला, आणि आठवड्यात मान आणखी धरली. चष्मा बायफोकल! वाचायचा भाग खाली, म्हणून ते सारखी हनुवटी वर करून बघत होते. टॅब छातीच्या उंचीवर आणला, जरासा मागे कलता ठेवला, निम्मी तक्रार गेली. जास्त वाचणाऱ्यांनी केवळ वाचनाचा वेगळा चष्मा करून घ्यावा, हे माझं स्पष्ट मत.

आता फोन बाजूला ठेवा. अंगठा मुठीत घ्या आणि मनगट हळूच करंगळीकडे झुकवा. थोडा ताण सगळ्यांनाच जाणवेल. पण अंगठ्याच्या मुळाशी सणकन कळ आली, तर तिथल्या स्नायुबंधांचं आवरण सुजलेलं असू शकतं. स्विस सर्जन डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ मध्येच याचं वर्णन केलं. तेव्हा कुठला मोबाइल? नातवंडाला काखेत हात घालून सारखं उचलणाऱ्या आज्यांनाही हे होतं. कळ आली तर एकाच अंगठ्यानं टाइप करणं थांबवा. कीबोर्डवरचा माईक दाबा आणि मराठीत बोला; चुका होतात, पण अंगठा वाचतो. करंगळीवर फोन तोलायची सवयही सोडा.

कोपर दुमडून तास तास फोन कानाला लावला की करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. कोपरामागची नस ताणली जाते. स्पीकर लावा. मुंग्या जात नसतील, हातातून कपबशी निसटत असेल, तर मात्र मला नको, आधी डॉक्टरांना दाखवा.

किती वेळ बघावं, असं मघाशी एका काकूंनी विचारलं. मी म्हटलं, गॅसवर दूध ठेवा आणि मग फोन हातात घ्या. त्या म्हणाल्या, तीनदा उतू गेलंय. मग काकू, अलार्म लावा, वीस मिनिटांचा, आणि अलार्मचं घड्याळ ठेवा दुसऱ्या खोलीत. बंद करायला उठावंच लागेल.

चहा मागच्या टेबलावर आहे. जागेवर आणून मिळणार नाही, मी सांगून ठेवलंय.