मोठा आवाज, जवळचा आवाज

(ठाण्यातील एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आयोजकांनी विषय दिला 'लक्षात राहिलेल्या मैफली' आणि बोलायला बोलावलं साउंडवाल्याला. आमच्या धंद्यात एक बरं असतं. सगळं नीट चाललं असेल तर आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. स्पीकरने एकदा 'कुंई' केलं की मात्र अख्खं सभागृह मान वळवून बघतं. आज काही न बिघडता तुम्ही सगळे माझ्याकडे बघताय, त्यामुळे थोडं अवघडल्यासारखं होतंय.

रागदारी मी शिकलेलो नाही. खोकी उचलायला म्हणून या कामात आलो आणि कानावर पडत गेलं तेवढंच काय ते शिक्षण. तेव्हा अमक्या बुवांनी तमक्या रागात निषाद कसा लावला हे ऐकायला कुणी आलं असेल तर निराशा होईल. पण बरीच वर्षं कार्यक्रमांना आवाज देऊन माझं एक मत झालंय. आवाज मोठा करायला अक्कल लागत नाही, फेडर, म्हणजे आवाज वाढवायची सरकपट्टी, वर सरकवली की झालं. आवाज जवळ आणणं कठीण. ज्या मैफली माझ्या डोक्यातून जात नाहीत, त्या सगळ्या जवळ आलेल्या आहेत. मोठ्या झालेल्यांपैकी फारशा आठवतही नाहीत.

हे आमच्या आधीच्या लोकांना माईकशिवाय जमत होतं. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा नाटकाच्या थिएटरात कसला आलाय ध्वनिक्षेपक! साथीला ऑर्गन, सारंगी आणि पुढच्या काळात थिरकवाँसाहेबांसारख्यांचा तबला. एवढ्या भांडवलावर पिटातल्या शेवटच्या बाकापर्यंत पद पोचायचं. गळ्याची फेक तर होतीच, पण लोकांना पदं पाठ असायची हेही विसरू नका. पुढचा शब्द कोणता येणार हे ठाऊक असलं की अर्धं काम कान स्वतःच करतो. हा मुद्दा मला नंतर नवी मुंबईत नेरुळला उपयोगी पडला, तो पुढे सांगतो.

आपल्या ठाण्याचे रामभाऊ मराठे याच मुशीतले. जन्म १९२४ चा, लहान वयात प्रभातच्या चित्रपटांतून काम, मग संगीत नाटक आणि मैफल असा दुहेरी संसार. १९८९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने आपली महापालिका संगीत समारोह भरवते, तुमच्यातले बरेच जण तिथे भेटतात. त्या पिढीचे गायक नवख्या साउंडवाल्याला घाम फोडायचे. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवात, कुजबुजल्यासारखा घ्यायचे आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना असा आवाज टाकायचे की मीटरची लाल बत्ती लागलीच म्हणून समजा. आजची मुलं लहानपणापासून माईकवर गातात, त्यांना आवाज हातात धरून ठेवायची सवय असते. आमचं काम सोपं झालं. गाणं त्यामुळे चांगलं झालं का, हे तुम्ही ठरवा.

आता थोडं पडद्यामागचं. गडकरी रंगायतन १९७८ चं, मूळ नाटकाचं घर. रात्री साडेआठला गाणं असलं तरी दुपारी तिथे नाटक असतंच. नाटक सुटतं, नेपथ्याचे फ्लॅट निघतात, कुणीतरी रंगमंचावरचे खिळे वेचत असतं आणि त्याच गडबडीत आम्ही केबली पसरतो. मग तंबोरे येतात. गवसणीतून काढले की ते लगेच जुळवायला घेऊ नयेत, आधी सभागृहाची हवा लागू द्यावी. बाहेर दमट गरमी आणि आत एसी. लाकूड, भोपळा, तारा सगळ्यांना जाग्यावर यायला वेळ लागतो. घाई करून लावले तर पडदा उघडेपर्यंत उतरलेले असतात. चार तारा, पंचम, मधली जोडी आणि खर्ज. खुंटीने जवळपास आणायचं, मण्याने बारीक करायचं आणि जवारीवर, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवर, सुताचं टोक एक केसभर पुढेमागे सरकवायचं. सूत बरोबर जागी आलं की तार एकदम बोलायला लागते. गायकाचे शिष्य हे करत असतात तेव्हा मी टेबलावर काही करत नाही, नुसता ऐकतो. संध्याकाळी मला काय पोचवायचंय हे तिथेच कळतं.

एक घोळ मात्र दरवेळी असतो. साउंड चेक रिकाम्या सभागृहात होतो आणि कार्यक्रम भरलेल्या. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात. दुपारी घुमणारं सभागृह रात्री कोरडं होतं. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत मी सारखा काहीतरी फिरवत असतो. ती खुडबुड नसते, हिशेब चालू असतो.

नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमधली गोष्ट. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओल धरते, त्यामुळे तबलजी हातोडी घेऊन सारखे ठोकत बसलेले. गायिका वयाने मोठ्या, नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. मी कौतुकाने दोन मोठे स्पीकर पुढे उभे केले होते. बाई बसल्या, एकदा षड्ज लावला, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, हे एवढं कुणासाठी? शंभर माणसं तर आहेत. कमी करा." मी कमी केलं. "अजून." अजून केलं. मग त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "आता ते पंखे बंद करा कुणीतरी." लोक चुळबुळले. पावसात बंद खिडक्या आणि पंखाही नाही! पण मोठ्या बाईंचा शब्द, कोण मोडणार?

त्यांनी मियाँ मल्हार घेतला. मघाशी म्हटलं निषादाचं बोलणार नाही, पण आता बोलावंच लागेल. या रागाची सगळी ताकद खाली, मंद्रात. दोन्ही निषाद, म्हणजे कोमल आणि शुद्ध नी, एकमेकांना घासून जातात, आणि तेही खालच्या सप्तकात. पंख्याची आणि एसीची घरघरही त्याच पट्टीत बसते. म्हणजे आपण पंखा लावून बसतो तेव्हा सगळ्यात आधी बुडतं ते नेमकं हे मंद्रातलं काम. मी आवाज वाढवून ते वर काढत होतो आणि बाईंनी घरघरच काढून टाकली. पंखे थांबले आणि तो खालचा निषाद शेवटच्या रांगेपर्यंत काठासकट पोचला. एक आजोबा घाम पुसायला रुमाल काढायचेही थांबले होते. त्या दिवसापासून मी कुठल्याही सभागृहात शिरलो की आधी एसीच्या यंत्राकडे कान देतो.

इथे एक ठरलेली गोष्ट येते. लाइट गेले, माईक बंद पडले, बुवा तसेच गात राहिले आणि ती मैफल अमर झाली, अशी. प्रत्येक आयोजकाकडे अशी एक असते. मीही एक बघितलीय. पहिल्या सहा रांगा धन्य झाल्या हे खरं आहे. पण मागच्या रांगांत काय चाललं होतं हे कुणी सांगत नाही. तिथे "काय म्हणाले? काय म्हणाले?" चालू होतं. बरीच माणसं उठून अंधारात पुढे यायला लागली, एकाचा पाय माझ्या केबलीत अडकला. जनरेटर लागला तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या मागच्यांच्या होत्या. आठवणी पहिल्या रांगेतले लोक लिहितात, त्याला काय करणार?

उघड्यावरच्या कार्यक्रमांची तऱ्हा निराळी. भिंती नाहीत, छप्पर नाही, गेलेला आवाज परत येत नाही. अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण ६ डेसिबलने पडते, हा साधा हिशेब. उपवनला तलावाच्या काठी बासरी असली की वाऱ्याचा प्रश्न. माईकला फोम कितीही घाला, एक झुळूक आली की फुंकर आणि वारा यांतला फरक माईकला कळत नाही.

आणि मग रात्रीचे दहा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. बंदिस्त सभागृहाला ही दहाची अट लागत नाही, पण तिथे सकाळ-दुपार-रात्र असे खेळ ठरलेले, शेवटची लोकल, रिक्षा, उद्याचं ऑफिस. रात्रभराची मैफल गेली ती गेलीच. माझं पोट ध्वनिक्षेपकावर चालतं, तरी नियम योग्यच आहे असं मी म्हणतो. रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड होते आणि वर गरम राहते. मग वर गेलेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. मैदानाशेजारच्या माणसाला त्रास होतोच, पण दीड-दोन किलोमीटरवरच्या सोसायटीत सातव्या मजल्यावरच्या आजारी माणसालाही निवेदकाचा शब्द न् शब्द ऐकू जातो. त्याने तो का ऐकावा?

पण दरबारी, मालकंस हे राग आठ-साडेआठला, लोक वडा खाऊन हात पुसत आत येताना ऐकायचे, याची हळहळ वाटतेच. पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवात रात्र जागून काढलेली माणसं या सभागृहातही असतील. १९५३ पासूनचा तो महोत्सव, भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला. तिथली एक प्रथा साउंडवाला म्हणून मला फार मोलाची वाटते. शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. विचार करा, दिवसचे दिवस उत्तम यंत्रणेवर गाणं ऐकलेले हजारो कान, आणि त्यांच्यापुढे ती खरखरणारी तबकडी, जेमतेम तीनेक मिनिटांची. यंत्राच्या भाषेत तिच्यात काही नाही. वरचं कापलेलं, खालचं कापलेलं. तरी माणूस समोर येऊन बसल्यासारखा वाटतो, कारण ऐकणाऱ्यांनी आधी सगळा महोत्सव कान तयार करण्यात घालवलेला असतो.

रात्र गेली, त्या बदल्यात पहाट मिळाली. दिवाळी पहाटेला तलावपाळी आणि राम मारुती रोड कसा फुलतो हे ठाणेकरांना मी काय सांगू? गाणं ऐकायला किती येतात आणि नवे कपडे दाखवायला किती, हा वाद नको. मला भटियार, ललत लोकांसमोर जायला मिळतात याचा आनंद आहे.

आता नेरुळ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर डिसेंबर २०१९ मध्ये यू टू हा आयरिश बँड आला होता. भारतातला त्यांचा पहिला कार्यक्रम, आपले ए. आर. रहमानही त्यांच्याबरोबर मंचावर आले. मी गेलो तो निव्वळ यंत्रणा बघायला. मग जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले, १८, १९ आणि २१ तारखेला. तिकिटांसाठी काय हाणामारी झाली ते तुम्ही वाचलंत. मुलीला दोन मिळाली, म्हणून मी. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याहून थेट नेरुळ. डबा इतका भरलेला आणि सगळे इतके खुशीत, असं लोकलमध्ये क्वचित दिसतं.

तिथे शास्त्र डोळ्यांनी दिसतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचापासून शंभर मीटरवर बसलात तर ठोका तुमच्याकडे सेकंदाच्या पाव हिश्श्याहून जास्त उशिरा येतो. मागच्यांसाठी मध्येच स्पीकरचे मनोरे उभे करतात, पण विजेचा सिग्नल क्षणात पोचतो, म्हणून त्या स्पीकरना मुद्दाम उशीर करायला लावतात. तसं नाही केलं तर पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत कालवतात. आता गंमत बघा. प्रेक्षकांच्या मनगटावर दिव्यांचे पट्टे, ते रेडिओ संदेशाने सगळीकडे एकाच क्षणी लागतात. आवाज मात्र टप्प्याटप्प्याने येतो. आम्ही लांबच्या स्टँडमध्ये होतो, तिथे उजेड आधी आणि ठोका मागून. टाळ्यांचंही तेच. पुढच्यांचे हात वर जातात आणि ती लाट मागे सरकत येते. इतक्या माणसांना एका समेवर आणणं निसर्गालाच मान्य नाही! मी मुलीला हे समजावत होतो. तिने तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं.

आवाज सुरेख होता, कुठेही फाटलेला नाही, शब्द स्वच्छ. पण जवळचा होता का? माझ्यापर्यंत तो आला नाही. आणि शेजारी माझी मुलगी डोळे मिटून रडत होती. तिच्या पलीकडे उलव्याचा कुणी मुलगा होता, ओळख ना पाळख, दोघं शब्दाला शब्द लावून गात होते. परतताना तिला विचारलं. म्हणाली, "बाबा, दहावीच्या वर्षी रात्री अभ्यास करताना हेडफोनवर हेच तर होतं." म्हणजे जवळीक ती घरून घेऊन आली होती. मंचावरच्यांनी फक्त ती मोकळी करायची. नाटकाच्या पिटात पदं पाठ असलेले लोक काय वेगळं करत होते? वन्समोर कशासाठी मागत होते? आधीच माहीत असलेलं पुन्हा ऐकायलाच ना! आवाज जवळ आणणं ही माझीच कामगिरी असं मी समजत आलो, तिथे त्या हेडफोनने माझी बरीचशी वाटणी काढून घेतली.

लोक मला एक प्रश्न नेहमी विचारतात, कुठे बसावं? सांगून टाकतो. साउंडचं टेबल जिथे असेल त्याच्या तीन-चार रांगा पुढे, मध्यावर. मी जे काही लावतो ते मला तिथे कसं ऐकू येतं त्यावर लावतो. पहिल्या रांगेत मान मिळतो, पण कानाला मंचावरच्या मॉनिटरचा, म्हणजे कलाकारांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरचा, उलटा आवाज येतो. बाल्कनीच्या खाली अगदी मागे बसू नका, तिथे वरच्या पट्टीतलं गळून जातं. छोटा हॉल असेल आणि थंडीचे दिवस असतील तर आयोजकांना पंखे बंद करायला सांगा, लाजू नका. आणि नेरुळला गेलात तर परतीची गाडी आधी बघून ठेवा, म्हणजे शेवटच्या दोन गाण्यांच्या वेळी घड्याळाकडे डोळा राहणार नाही.

बाकी प्रश्न असतील तर विचारा. या सभागृहाच्या एसीबद्दल मात्र मला काही विचारू नका, मी आल्यापासून तोच ऐकतोय.