वेदीपाशी आठवलेलं देणं

बंधुभगिनींनो, आजचा जाहीर झालेला विषय ‘देवाची आज्ञा आणि वरिष्ठांची आज्ञा’ असा आहे. त्याकडे मी येणारच आहे. आधी माझा एक लाडका मुद्दा मांडून घेतो. वरिष्ठांशी खटका उडायची वेळ आयुष्यात क्वचित येते, शेजाऱ्याचं देणं मात्र बारा महिने अंगावर असतं.

आज्ञापालन म्हटलं की आपल्याला देवाच्या सांगण्यावरून मुलाचं अर्पण करायला निघालेला अब्राहाम आणि मोरियाचा डोंगर आठवतो. बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा सहावा अध्याय कुणाला आठवत नाही. वर्षभरात बायबल वाचून काढायचा संकल्प बहुधा लेवीयापाशीच बसकण मारतो, हे इथल्या हसण्यावरून कळतंच आहे. पण तिथे बघा किती बारकाईने लिहिलंय. कुणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू नाकारली, लुबाडलं, शेजाऱ्यावर जुलूम केला, सापडलेली वस्तू ‘मी पाहिलीच नाही’ म्हणून दडवली, तर मूळ वस्तू पूर्ण परत करायची आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. म्हणजे हजाराचे बाराशे. कुणाला? मालकाला. कधी? दोषार्पणाच्या, म्हणजे अपराधाबद्दल देवाला अर्पण वाहायच्या दिवशीच. आणि निर्दोष मेंढा त्यानंतर. क्षमा मेंढ्यापाशीच मिळते, पण मेंढ्याकडे जायची वाट मालकाच्या दारावरून आहे.

आपण ही वाट बदलून टाकली आहे. भावाचे पैसे बुडवायचे, प्रार्थनासभेत रडायचं, अर्पणाच्या थैलीत जरा जाड पाकीट टाकायचं आणि हलकं होऊन घरी जायचं. बायबलातल्याच गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाने ही पळवाट आधीच बुजवलेली आहे. भरपाई पहिल्यांदा ज्याचं नुकसान झालं त्याची. तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाची. घ्यायला कुणीच उरलं नसेल, तेव्हा ती परमेश्वराची होऊन याजकाकडे, म्हणजे पुरोहिताकडे जाते. याजकाचा नंबर शेवटचा, हे पाळकसाहेबांसमोर म्हणायला थोडं धैर्य लागतं.

आता मत्तय ५:२३. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असं प्रभू येशू म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं म्हणतो. ‘माझ्या मनात काही नाही हो’ हे आपलं आवडतं उत्तर तिथे चालतच नाही. आणि ऐकणारे बरेचसे होते उत्तरेकडच्या गालील प्रांतातले. वेदी यरुशलेमात, भाऊ बहुधा गावाकडे. मध्ये शंभर किलोमीटरहून जास्त वाट, म्हणजे पायी काही दिवसांची. अर्पण तिथेच ठेव, परत जा, समेट कर, मग ये. तेवढा वेळ अर्पण वेदीपाशी तसंच पडून राहणार, आणि प्रभूची त्याला हरकत नाही.

प्रत्यक्षात हे बिघडतं कुठे? माफीच्या वाक्यात. ‘तुमचं मन दुखावलं असेल तर माफ करा’ यात दोष ऐकणाऱ्याच्या मनाचा झाला. कृत्याचं नाव घ्या: ‘तुमच्या पाठीमागे मी तुमच्याबद्दल खोटं बोललो.’ वाक्यात ‘पण’ आला की माफी संपली आणि वकिली सुरू झाली. ज्यांच्यासमोर खोटं बोललात त्यांच्याकडेही जा, नाहीतर काम अर्धंच राहतं. पैशाचा प्रश्न असेल तर आकडा आणि तारीख सांगा. एकरकमी जमत नसेल तर हप्ते कागदावर लिहून द्या, आणि घरात नवरा-बायकोने एकमेकांना सांगा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात हप्ता थांबतो. समोरच्याने तिथल्या तिथे क्षमा केलीच पाहिजे असा आग्रह धरू नका. त्याला वेळ लागेल. आणि आपलं ओझं उतरावं म्हणून तिसऱ्याची अब्रू उघडी पाडू नका.

येशूला भेटल्यावर जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेल्याच्या चौपट देऊ केलं, त्यावर आपण फार उपदेश ऐकले. चौपट हा निर्गम २२ मध्ये चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं तर भरायचा दंड आहे. जक्कयाने स्वतःला कोणत्या रांगेत उभं केलं ते यावरून कळतं.

पाळकसाहेब घड्याळ दाखवत आहेत, तेव्हा जाहीर विषय आता धावत.

वरिष्ठांची आज्ञा आली की पहिला प्रश्न: यात पाप आहे, की फक्त मला आवडत नाही? ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ हे प्रेषितांची कृत्ये ५:२९ मधलं वचन नावडत्या कामाला लावू नका. पाप असेल तर आधी पर्याय मागा. बाबेलात बंदी म्हणून नेलेल्या दानीएलाने तिथल्या राजाच्या अन्नाला नकार देताना आरडाओरडा केला नाही. दहा दिवस शाकभाजी आणि पाणी देऊन पाहा, असा तपासता येईल असा प्रस्ताव ठेवला. खोटं बिल करायला सांगितलं तर खरं बिल तयार करून समोर ठेवा. पर्याय नाकारला गेला तर उघड नकार द्या आणि परिणाम सोसा. मात्र कायद्याने दिलेला हक्क वापरायला लाजू नका. फिलिप्पै शहरात तुरुंगात टाकलं तेव्हा प्रेषित पौलाने स्वतःच्या रोमी नागरिकत्वाचा दाखला दिलाच होता.

मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या अधिकारालाही मर्यादा आहे. कळपावर धनीपण करू नका, असं प्रेषित पेत्र मंडळीच्या वडीलजनांना बजावतो. लग्न कुणाशी करावं, नोकरी कोणती धरावी, यावर पाळक सल्ला देईल, हुकूम देणार नाही. आणि घरात मार खात राहणं याला कुणीही आज्ञापालन म्हणू नये. आधी सुरक्षित जागी जायचं, गरज पडली तर पोलिसांत जायचं, समेटाची बोलणी त्यानंतर. यावर खरं तर वेगळी सभा घ्यायला हवी. प्रश्न असतील तर दोनच घेता येतील.