मेद्वेजाचा पंचनामा

सर्बियात पश्चिम मोरावा नदीच्या खोऱ्यात मेद्वेजा नावाचे एक गाव आहे. १७३२ सालच्या जानेवारीत, ऐन थंडीत, या गावाच्या दफनभूमीत कुदळी चालू लागल्या. १७१८ च्या तहाने हा मुलूख तुर्कांकडून हॅब्सबर्ग सम्राटाकडे आला होता आणि सरहद्दीच्या राखणीसाठी येथे हायदूक शिपायांची वस्ती होती. गावात लागोपाठ माणसे दगावत होती. मेलेलेच परत येऊन जिवंतांचे रक्त शोषतात, असे गावकऱ्यांचे ठाम म्हणणे होते. बेलग्रेडच्या लष्करी प्रशासनाने योहान फ्लुकिंगर या पलटणीच्या शल्यवैद्याला चौकशीसाठी धाडले. त्याने जे लिहून काढले, त्याला आपल्या भाषेत पंचनामा हाच नेमका शब्द आहे.

पंचनाम्याची सुरुवात होते ती पाच वर्षांपूर्वीच्या एका मृत्यूपासून. आर्नोल्ड पाओले हा हायदूक गवताच्या गाडीवरून पडला आणि मान मोडून मेला. आपल्याला पूर्वी एका व्हॅम्पायरने छळले होते आणि त्याच्या थडग्यातली माती खाऊन आपण सुटका करून घेतली, असे तो जिवंतपणी सांगत असे. मृत्यूनंतर तो लोकांना त्रास देऊ लागला, अशी बोलवा उठली. चाळिसाव्या दिवशी थडगे उकरून त्याच्या छातीत खुंट ठोकला गेला आणि प्रेत जाळले गेले.

फ्लुकिंगरने नंतर एकेक कबर उघडली, आणि तिथे त्याची लेखणी अगदी बारकाईने चालते. मिलित्सा नावाची साठ वर्षांची बाई नव्वद दिवसांहून अधिक काळ मातीखाली होती. तिला आयुष्यभर ओळखणारे हायदूक कबरीच्या काठावर उभे राहून थक्क झाले, कारण जन्मभर काटकुळी असलेली ही बाई थडग्यात अंगाने भरली होती. छातीच्या पोकळीत पातळ रक्त होते. इतर काही प्रेतांची जुनी कातडी नखांसकट गळून खाली ताजी त्वचा दिसत होती. अशा प्रेतांची मुंडकी उडवून ती जाळण्यात आली आणि राख मोरावेत सोडण्यात आली.

यातली एकही गोष्ट खोटी लिहिलेली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. प्रेत कुजताना आत वायू साठतो, म्हणून शरीर फुगते. तोच दाब काळसर द्रव तोंडानाकाकडे ढकलतो. वरची त्वचा सुटी होऊन निघते. आणि मातीतल्या गारठ्यात ही सारी क्रिया मंदावते. गावकऱ्यांनी आणि वैद्याने जे पाहिले ते खरेच होते, चुकला तो अर्थ. हॅब्सबर्ग महाराणी मारिया थेरेसाने आपले वैद्य गेरार्ड व्हान स्वीटन यांच्या सल्ल्यावरून १७५५ मध्ये अशा उकराउकरीवर बंदी घातली.

पण तोवर पंचनामा युरोपभर फिरला होता. १७३२ मध्येच तो लंडनच्या वृत्तपत्रात पोहोचला आणि ‘व्हॅम्पायर’ हा शब्द इंग्रजी वाचकांच्या तोंडी बसू लागला. जॉन पॉलिडोरीची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा एप्रिल १८१९ मध्ये छापली गेली, तेव्हा तिच्यासोबतच्या प्रस्तावनेत आर्नोल्डची हकीकत पुन्हा सांगितली होती. कथेतला लॉर्ड रुथवेन मात्र लंडनच्या मेजवान्यांत वावरणारा, फिकट चेहऱ्याचा उमराव आहे. सर्बियन खेड्यातले पिशाच फुगलेले, लालबुंद आणि आपल्याच घरच्यांच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिवावर उठणारे होते; भयगूढ कथांच्या गॉथिक साहित्याने त्याला किताब दिला, वाडा दिला आणि परक्यांच्या दारी पाठवले. पुढे हे नाव इतके रुळले की १८७० मध्ये रिचर्ड बर्टनने विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत आणताना वेताळालाही व्हॅम्पायरच म्हटले. कोड्यात टाकणारी गोष्ट सांगून राजाचे मौन मोडायला लावणारा वेताळ, ज्याला कोकणात आणि गोव्यात लोक ग्रामदैवत म्हणून पुजतात, त्याच्यावर या नावाने अन्यायच झाला.

पंचनाम्याचा खरा वारसा दिसतो तो डब्लिनच्या शेरिडन ले फानूच्या ‘कार्मिला’ या १८७१-७२ मधल्या कथेत. ती ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात घडते. शेवटी व्हॅम्पायर असलेल्या कार्मिलाची कबर उघडली जाते, वैद्य हजर असतात, शिरच्छेद होतो, राख नदीत जाते. आणि निवेदन करणारी लॉरा सांगते, की शाही आयोगाच्या अहवालाची नक्कल, उपस्थितांच्या सह्यांसकट, तिच्या वडिलांकडे आहे. फ्लुकिंगरच्या अहवालाखालीही लष्करी वैद्यांच्या आणि दोन अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या.

१८९७ मध्ये डब्लिनच्याच ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी आली, आणि ती तर कागदांचीच बनलेली आहे: रोजनिश्या, पत्रे, तारा, वृत्तपत्रांची कात्रणे. भीती वाटते ती प्रत्येक कागदावर तारीख आहे म्हणून. सारे संपल्यावर सात वर्षांनी कादंबरीतला एक रोजनिशीकार जोनाथन हार्कर तो गठ्ठा पुन्हा काढतो, आणि त्याच्या ध्यानात येते की त्यात अस्सल म्हणावा असा दस्तऐवज जवळजवळ एकही उरलेला नाही. आहेत ती सगळी टंकलिखित पाने.