आधी मिडलाइन, मग ड्रिल

विषय छापलाय 'कवटीवरच्या खुणांवरून ईव्हीडी', म्हणजे कवटीला भोक पाडून मेंदूतल्या पोकळीतलं, व्हेंट्रिकलमधलं, पाणी बाहेर काढणारी नळी घालणं. वेळ वीस मिनिटं, त्यातली बरीचशी आधीच्या वक्त्यांनी संपवली. न्यूरोसर्जनच ते, घड्याळ भूल देणाऱ्यांनी बघायचं असतं!

मला खरं तर मिडलाइनबद्दल, डोक्याच्या मधोमधच्या रेषेबद्दल, बोलायचंय. कोकर्स पॉइंट, म्हणजे मिडलाइनपासून तीन सेंटिमीटर बाजूला ड्रिल करायची जागा, सगळ्यांना पाठ असतो. पण ते तीन सेंटिमीटर मोजायचे कुठून, हे कोणी विचारत नाही.

एका रात्री व्हेंट्रिकलमध्ये रक्त साचलेला पेशंट आला. हायड्रोसेफलस, म्हणजे मेंदूत पाणी तुंबलेलं, शुद्ध झपाट्याने उतरत चाललेली. मी पोचेपर्यंत रेसिडेंटने, आणि मुलगा हुशार बरं का, मार्करने रेघ मारून ठेवली होती. अगदी सुबक रेघ. फक्त ती भांगावरून मारली होती! केस काढले, रेघ राहिली, भांग गेला. त्यामुळे कोणाला संशयही येईना. हसू नका, पुढच्या रांगेत दोघे मान खाली घालून बसलेत. मी नाकाच्या मुळावर एक बोट ठेवलं, मागे इनिऑन, म्हणजे डोक्यामागचा हाडाचा उंचवटा, चाचपलं, मध्ये पट्टी धरली. रेघ चांगली बोटभर डावीकडे. तिथून उजवीकडे तीन सेंटिमीटर मोजले असते, तर ड्रिल सॅजिटल सायनसच्या, म्हणजे मिडलाइनखालच्या मोठ्या शिरेच्या, आणि त्यात उतरणाऱ्या व्हेन्सच्या पार जवळ गेलं असतं. "पण सर, रेघ मधोमध दिसतेय." दिसतेच! डोकं वळलेलं असलं की सगळंच मधोमध दिसतं. स्पिरिटने पुसून नवी रेघ मारली. त्यात गेला तो अर्धा मिनिट.

दुसरी तक्रार ड्रेपची, पेशंटवर घालायच्या निर्जंतुक कापडाची. ज्या डोळ्याच्या आणि कानाच्या रोखाने कॅथेटर घालायचा, तेच आपण आधी झाकून टाकतो. मग सहायक कापडावरून कान चाचपतो. खुणा ड्रेपच्या आधी करा, किंवा ड्रेप पारदर्शक घ्या.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. पळतो आता. नेझिओनपासून (नाकाच्या मुळापासून) मागे ११ सेंटिमीटर, मिडलाइनपासून बाजूला ३. म्हणजे कोरोनल सूचरच्या (कवटीच्या पुढच्या आडव्या सांध्याच्या) साधारण सेंटिमीटरभर पुढे, मोटर स्ट्रिप (हालचाली चालवणारा मेंदूचा पट्टा) सुरक्षित मागे. (सर्जन कोकर यांना १९०९चं नोबेल थायरॉइडवरच्या कामासाठी मिळालं, आम्ही त्यांना या भोकासाठी ओळखतो.) रोख त्याच बाजूच्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्याकडे आणि ट्रॅगसकडे (कानाच्या भोकापुढच्या उंचवट्याकडे). खोली सहा-साडेसहा सेंटिमीटर, सातच्या पुढे ढकलू नका, पाणी आलं नाही तर बाहेर काढून दिशा तपासा. न्यूरोसर्जन घजर यांनी १९८५ मध्ये मांडलेला मार्ग म्हणजे कवटीला काटकोनात जाणं, तोही चांगला. पण दोन्ही मार्ग व्हेंट्रिकल जागच्या जागी आहे असं धरून चालतात. मिडलाइन शिफ्ट असेल, म्हणजे मेंदू एका बाजूला सरकला असेल, व्हेंट्रिकल चिरेसारखे बारीक असतील, तर आधी सीटीवर कोन मोजा, नॅव्हिगेशन (स्कॅनवरून दिशा दाखवणारी यंत्रणा) असेल तर वापरा.

आणि ट्रान्सड्यूसरचा (मेंदूतला दाब मोजणाऱ्या यंत्राचा) शून्य ट्रॅगसच्या पातळीला. सिस्टर खाट वर-खाली करतील, त्या प्रत्येक वेळी शून्य पुन्हा लावायचा. प्रश्न बाहेर विचारा, पुढचे वक्ते उभे राहिलेत.