टोकियोत कचरा टाकायचा कुठे?

नमस्कार मंडळी! जपानला येण्याआधी लोक मला शाकाहारी जेवणाबद्दल विचारतात, भाड्याच्या घराबद्दल विचारतात, बुलेट ट्रेनच्या पासबद्दल विचारतात. कचऱ्याबद्दल कुणीच विचारत नाही. आणि इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मेसेज येतो तो कचऱ्याचाच. म्हणून आज फक्त कचरा.

स्टेशनाबाहेर पडलात, हातात बिस्किटाचा रिकामा पुडा आहे. डबा शोधताय. नाही सापडत. पुढच्या चौकातही नाही. २० मार्च १९९५ ला ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी टोकियोच्या मेट्रोत सरिन हा विषारी वायू सोडला. त्यानंतर असलं काही लपवायला जागाच नको, म्हणून सार्वजनिक ठिकाणचे डबे मोठ्या प्रमाणावर हटवले. थोडे परत आले, बाकीच्यांची लोकांना आठवणही राहिली नाही. बाटल्या आणि कॅनसाठी व्हेंडिंग मशीनशेजारी भोकांचा डबा असतो, कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांत, तिथल्या गिऱ्हाइकांसाठी डबे असतात. तुमचा पुडा मात्र तुमच्या बॅगेत, तिथून घरी.

आणि घरी खरी गंमत सुरू होते.

आपल्या डोक्यात ओला-सुका बसलेला असतो. पुण्या-मुंबईहून आलेला माणूस सिंकखाली दोन डबे मांडतो आणि खूश होतो. इथे तो हिशोबच लागू नाही. इथे पहिला प्रश्न असतो, हे जळतं की नाही? कांद्याची सालं, उरलेली आमटी, नाक पुसलेला टिश्यू, सगळं एकाच पिशवीत, कारण सगळं जाळायचंय. ओल्यातलं पाणी तेवढं पिळून काढा. काच, चिनी माती, धातूच्या वस्तू वेगळ्या. पेट बाटल्या (पाण्या-सरबताच्या प्लास्टिकच्या), कॅन, वर्तमानपत्रं यांचा स्वतंत्र वार. टोकियोच्या २३ वॉर्डांमध्ये जळणारा कचरा साधारण आठवड्यातून दोनदा नेतात आणि न जळणारा महिन्यातून दोनदाच. फुटलेला कप पंधरा दिवस सांभाळायचा! प्लास्टिकचं विचाराल तर ते वॉर्डावर आहे. एका वॉर्डात पुडे-पिशव्या वेगळ्या धुऊन द्यायच्या, दुसऱ्यात वेगळीच रीत. घर बदललं की वॉर्ड ऑफिसमधून नवीन तक्ता घ्यायचाच. बऱ्याच वॉर्डांचा तो इंग्रजीतही मिळतो.

(पेट बाटली कॅमेऱ्यासमोर धरून) ही बघा. झाकण काढायचं. हे लेबल, इथे बारीक भोकांची रेघ दिसतेय? तिथून ओढलं की अख्खं सुटतं. आतून विसळायची, पायाने चपटी करायची. झाकण आणि लेबल या बाटलीबरोबर जात नाहीत. बाटली पिणाऱ्याला एक मिनिट लागतं, पण कंपनीने ती भोकांची रेघ दिलीय म्हणून एकच मिनिट लागतं, हेही लक्षात घ्या.

तळणीचं तेल हा आपल्या लोकांचा खास प्रश्न. दिवाळीत शंकरपाळी तळली, कढईत तेल उरलं. सिंकमध्ये ओतायचं नाही. दुकानात तेल घट्ट करणारी पावडर मिळते, एरंडेलापासून केलेली. गॅस बंद केला की तेल गरम असतानाच ती टाकून ढवळा, आणि कढई बाजूला ठेवून द्या. निवलं की तेल वडीसारखं थिजून बसतं. कडेने उलथनं घाला, चकती सुटून येते. जळणाऱ्या कचऱ्यात टाका. माझ्या मते जपानमधली ही सगळ्यात दुर्लक्षित वस्तू आहे, आणि हो, भारतात जाताना मी हीच नेते.

पिशवी कधी ठेवायची? त्याच दिवशी सकाळी, आठच्या आत. आदल्या रात्री नाही. कारण कावळे. टोकियोचे कावळे चांगले दांडगे असतात, म्हणून पिशव्यांवर जाळी अंथरलेली असते. पिशवी जाळीखाली सरकवा, कड नीट दाबा. चुकीच्या वाराची पिशवी कामगार उचलत नाहीत. तिच्यावर स्टिकर लावून ती तिथेच सोडतात, आणि दिवसभर ती सगळ्या बिल्डिंगला दिसते. दंडापेक्षा हे जास्त लागतं.

आता व्हॉट्सॲपवरचं ते फॉरवर्ड आठवा, जपानी माणसाच्या रक्तातच स्वच्छता आहे वगैरे. बरं. मग निशी-कासाईहून, जिथे आपली भारतीय मंडळी मोठ्या संख्येने राहतात तिथून, नदीपलीकडे कोतो वॉर्डातल्या युमेनोशिमाला जाऊ. ही जमीनच कचऱ्याची आहे. १९५७ पासून शहराचा कचरा इथे समुद्रात टाकत होते. १९६५ च्या उन्हाळ्यात इथून माश्यांचे थवे उठून कोतोच्या घराघरांत, शाळांत शिरले. शेवटी प्रशासनाने तेल ओतून कचऱ्याला आग लावली.

तरी कोतोत गाड्या येतच राहिल्या. कोतोचे लोक म्हणाले, अख्ख्या शहराची घाण आमच्याच दारात का? १९७१ मध्ये गव्हर्नर मिनोबे र्‍योकिची यांनी चक्क ‘कचरा युद्ध’ जाहीर केलं. तिकडे पश्चिमेला सुगिनामी वॉर्डातले लोक आपल्या भागात कचरा जाळायची भट्टी होऊ देईनात. तेव्हा १९७३ मध्ये कोतोवाल्यांनी सुगिनामीच्या कचरागाड्या रस्त्यात अडवून परत पाठवल्या. आपल्याकडे उरुळी-फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी पुण्याच्या गाड्या अडवल्या होत्या, अगदी तोच प्रकार! या भांडणातून तत्त्व पुढे आलं की ज्याचा कचरा त्याच्याच वॉर्डात. ते पूर्ण उतरलं नाही, पण भट्ट्या शहराच्या मधोमध आल्या. सुगिनामीचीही ऐंशीच्या दशकात उभी राहिली. इकेबुकुरोला उतरलात तर २१० मीटर उंच पांढरी चिमणी दिसेल, ती कचऱ्याच्या भट्टीची. तिच्या उष्णतेवर शेजारचा पोहण्याचा तलाव गरम होतो.

युमेनोशिमा आज बाग आहे. भट्टीच्या उष्णतेवर चालणारं काचघर आहे. टोकियो ऑलिम्पिकची तिरंदाजी इथेच झाली. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ मध्ये याच कचऱ्याच्या जमिनीवर उभा राहून नेम धरत होता.

आता पटकन दोन गोष्टी, कारण हे विचारणारच तुम्ही. एक, कुठलीही बाजू ३० सेंटीमीटरच्या वर असली तर तो मोठा कचरा. आधी नोंदणी करायची, २०० आणि ३०० येनची तिकिटं कोनबिनीतून आणून चिकटवायची. टीव्ही, फ्रिज, एसी आणि वॉशिंग मशीन वॉर्ड घेतच नाही. २००१ मध्ये लागू झालेल्या कायद्यापासून ते दुकानामार्फत पैसे भरूनच जातं. म्हणून घर सोडणाऱ्या कुणी फुकट फ्रिज देतो म्हटलं तर त्याचं औदार्य बघू नका, फ्रिजचं वय विचारा.

दुसरी, वर्षअखेरीस काही दिवस गाडी येत नाही. डिसेंबरच्या मध्यावर बिल्डिंगच्या खाली नोटीस लागते, तिचा फोटो काढून ठेवा. एकतीसला घरी पार्टी ठेवणार असाल तर तारखा आधी बघा, मग पाहुणे मोजा.