महाराष्ट्राची ओळ: १८१, ९८, ४

(दृश्य: निकालाचा छापील तक्ता. कॅमेरा वरून खाली सरकत एका ओळीवर थांबतो.)

२१ जुलै २०२२ ला राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा निकाल लागला. तक्त्यातली महाराष्ट्राची ओळ एवढीशी आहे. भाजप आघाडीच्या द्रौपदी मुर्मू १८१, विरोधकांचे यशवंत सिन्हा ९८, बाद ४. बेरीज २८३. विधानसभेत तेव्हा २८७ आमदार होते, कारण अंधेरी पूर्वची जागा रिकामी होती. म्हणजे चार आमदारांनी मतदानच केलं नाही. हे चार वेगळे आणि बाद झालेले चार वेगळे.

ही ओळ कशी तयार होते आणि तिच्यातून काय वाचता येतं, ते पाहू.

(दृश्य: विधान भवन, नरिमन पॉइंट. सकाळची वेळ.)

राष्ट्रपती निवडतात ते निवडून आलेले खासदार आणि निवडून आलेले आमदार. आमदार म्हणजे फक्त विधानसभेचे. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांना मत नाही. जुलै २०२२ मध्ये याची चांगलीच गंमत झाली. शिवसेना फुटून तीन आठवडे झाले होते. १२ जुलैला उद्धव ठाकरे यांनी मुर्मूंना पाठिंबा जाहीर केला. पण ते स्वतः परिषदेवरून आलेले, त्यामुळे पाठिंबा देणाऱ्यालाच मत नव्हतं. मत होतं त्यांच्या सोबत राहिलेल्या १५ आमदारांना.

आता मताचं मूल्य. इथे एक आमदार म्हणजे एक मत नव्हे. राज्याची १९७१ च्या जनगणनेतली लोकसंख्या घ्यायची, विधानसभेच्या एकूण जागांनी भागायची, आलेल्या आकड्याला पुन्हा १,००० ने भागायचं. उरलेली बाकी ५०० किंवा जास्त असेल तर एक वाढवायचा, नाहीतर सोडून द्यायची.

(दृश्य: फळ्यावर खडूने आकडेमोड.)

महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. भागिले २८८. येतात १,७५,०४२. भागिले १,०००. येतात १७५, बाकी ४२. बाकी सोडली. एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. शेजारच्या गोव्यात हेच गणित १९ आणि बाकी ८७८ असं सुटतं, म्हणून तिथे २०. उत्तर प्रदेशात २०८, सिक्कीममध्ये ७. महाराष्ट्राच्या सगळ्या २८८ जागा धरल्या तर ५०,४००. यापुढे फक्त उत्तर प्रदेश, ८३,८२४.

लोकसंख्या १९७१ चीच का? राज्यघटनेतच ती तिथे थांबवून ठेवली आहे. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तीच चालणार. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये, हा त्यामागचा हेतू.

खासदाराचं मूल्य आमदारांवरून निघतं. देशभरातल्या आमदारांच्या मतांची बेरीज २०२२ मध्ये ५,४३,२३१ होती. ती ७७६ खासदारांत वाटली की प्रत्येकी ७००. २०१७ मध्ये हाच आकडा ७०८ होता. फरक पडला तो जम्मू-काश्मीरमुळे. २०२२ मध्ये तिथे विधानसभाच नव्हती, आणि तिथले आमदार बेरजेतून गेल्याने प्रत्येक खासदाराचे आठ गुण कमी झाले.

(दृश्य: गुलाबी कागद, त्यावर दोन रकाने. शेजारी जांभळ्या शाईचं पेन.)

मतदान १८ जुलैला, सकाळी १० ते संध्याकाळी ५. खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. एका रकान्यात उमेदवारांची नावं, समोरचा रकाना पसंतीसाठी मोकळा. इथे शिक्का नाही, बटण नाही. आकडा लिहायचा.

मतदान कक्षात जाताना स्वतःचं पेन बाहेर द्यावं लागतं आणि निवडणूक आयोगाचं जांभळ्या शाईचं पेन हातात मिळतं. मत दिलं की ते परत करायचं आणि आपलं घ्यायचं. ही पद्धत २०१७ पासूनची. त्याच्या आदल्या वर्षी हरियाणात राज्यसभेच्या निवडणुकीत भलत्या शाईमुळे मतं बाद झाली आणि मोठा वाद झाला, त्यानंतर आयोगाने पेनच आपल्या ताब्यात घेतलं.

मत बाद होतं ते बहुतेक वेळा अगदी साध्या चुकीने. पसंतीच्या रकान्यात १ लिहायचा, तो मराठी अंक चालतो, इंग्रजी चालतो, रोमनही चालतो. पण अक्षरांत ‘एक’ लिहिलं की मत गेलं. बरोबरची खूण केली, गेलं. दोघांसमोर १ लिहिला, गेलं. १ न लिहिता नुसता २ लिहिला, तरीही गेलं. आकडा दोन नावांच्या मधल्या रेघेवर पडला आणि तो कोणाला हे ठरवता येईना, गेलं. सही केली किंवा ओळख पटेल अशी काही खूण ठेवली, तर तेही बाद. उमेदवार दोनच असले की एक आकडा पुरतो. सगळं काम एका १ चं, आणि तरी देशभरात ५३ मतं बाद झाली. त्यात १५ खासदार होते. कायदे करणारी ही मंडळी!

महाराष्ट्रातली बाद मतं चार. चार गुणिले १७५, म्हणजे ७००. बरोबर एका खासदाराइतकं मूल्य केराच्या टोपलीत.

(दृश्य: मोहोरबंद पेटी. विमानातली पहिली रांग.)

मतदान संपलं की पेटी सील होते आणि दिल्लीला निघते, तीही प्रवासी विमानाने. सामानात टाकून नव्हे. पेटीसाठी वेगळं तिकीट काढलं जातं, ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ या नावाने, जाण्याचं आणि येण्याचं. पहिल्या रांगेतली जागा, आणि बाजूच्या खुर्चीत पेटी नजरेआड होऊ न देणारा अधिकारी.

मोजणी संसद भवनातल्या ६३ क्रमांकाच्या खोलीत झाली. आधी खासदारांची मतं, मग राज्यांची. महाराष्ट्राच्या गुलाबी मतपत्रिका गोव्याच्या मतपत्रिकांत मिसळून चालत नाही, कारण एकीचं मूल्य १७५ आणि दुसरीचं २०. त्यामुळे प्रत्येक राज्य वेगळं मोजावंच लागतं, आणि म्हणूनच तक्त्यात प्रत्येक राज्याची स्वतंत्र ओळ येते. मतदान गुप्त, तरी राज्याचा कल उघडा. खासदारांचं तसं नाही. सगळ्यांचं मूल्य ७००, म्हणून त्यांचा एकच ढीग. लोकसभेचे ४८ आणि राज्यसभेचे १९ मिळून महाराष्ट्राचे ६७ खासदार. त्यांनी कोणाला मत दिलं, याची ओळ कुठेच नाही.

गुणाकार सोपा. मुर्मू १८१ गुणिले १७५, म्हणजे ३१,६७५. सिन्हा ९८ गुणिले १७५, म्हणजे १७,१५०. देशभरात जिंकण्यासाठी लागत होते ५,२८,४९१. मुर्मूंना मिळाले ६,७६,८०३.

(दृश्य: पुन्हा तीच ओळ. पेन्सिलीने बाजूला बेरीज-वजाबाकी.)

आता ओळ वाचायची. या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही आणि राज्यसभेसारखं मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायचंही नसतं. मतं फुटली का, हे कळतं ते फक्त वजाबाकीतून. सत्ताधाऱ्यांकडून तेव्हा २०० चा आकडा बोलला जात होता, म्हणून १८१ कमी वाटले. पण ४ जुलैला शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाला १६४ मतं पडली होती. त्यात मत न दिलेले विधानसभा अध्यक्ष धरा, १६५. ठाकरेंचे १५ धरा, १८०. मिळाली १८१.

दुसऱ्या बाजूला राष्ट्रवादीचे ५३ आणि काँग्रेसचे ४४, एकूण ९७. दोघे तुरुंगात, राहिले ९५. समाजवादी आणि एमआयएमचे दोन-दोन, माकपचा एक, की १००. मिळाली ९८. आकडे जवळपास जुळतात. पण बेरीज फक्त निव्वळ फरक दाखवते. इकडून पाच गेले आणि तिकडून पाच आले, तरी आकडा तोच राहतो. त्यामुळे कोण फुटलं, हे नावानिशी सांगणाऱ्याकडे कागदावरचा पुरावा नसतो.

२०१७ ची ओळ मात्र बोलकी आहे. भाजप आघाडीचे रामनाथ कोविंद २०८, विरोधकांच्या मीरा कुमार ७७. दोन्ही काँग्रेसचे मिळून ८३ आमदार २०१४ ला निवडून आले होते. इथे तूट दिसते. कोणामुळे पडली, ते तिथेही नाही.

(दृश्य: कॅमेरा एक ओळ खाली सरकतो.)

यादीत पुढे मणिपूर. तिथल्या एका मताचं मूल्य १८.